दम धर

पहाटे साडेचारला तालमीचं दार उघडलं की आधी वास येतो. तांबड्या मातीचा, तिच्यात मुरलेल्या ताकाचा, तेलाचा, हळदीचा, कापराचा आणि कित्येक पिढ्यांच्या घामाचा. मग मारुतीच्या तसबिरीपुढचा दिवा दिसतो आणि त्या उजेडात हौद्यात उभा असलेला एक मुलगा. वय बारा-तेरा, अंगावर लंगोट, हातात फावडं. आदल्या दिवशी पायांखाली दबून टणक झालेली माती तो उकरतो, ढेकळं फोडतो, हातानं सारखी करतो. चार महिने त्याचा दिवस असाच सुरू होतोय. माती उकरायची, जोर मारायचे, बैठका काढायच्या, मोठ्या पैलवानांच्या थंडाईसाठी बदाम घोटायचे, आणि त्यांच्या लढती बघत हौद्याच्या काठावर बसायचं. लढायचं मात्र नाही.

कोल्हापूरच्या एका जुन्या तालमीत मी हे पाहिलं, त्या दिवशी मुलाचे वडील गावाहून आले होते. पिशवीत घरचं तूप आणि पावशेर बदाम. बराच वेळ घुटमळून त्यांनी विचारलं, "वस्ताद, पोराला लढतीला कवा घालताय?" वस्तादांनी मान वर न करता सांगितलं, "दम धरा की पावनं. त्याचा दम झाल्याबिगर कसा घालू?"

दोन वाक्यांत दोनदा ‘दम’, आणि दोन्ही वेळा अर्थ वेगळा. फारसीतला ‘दम’ म्हणजे श्वास. संस्कृतातला ‘दम’ म्हणजे इंद्रियांना घातलेला आवर. कीर्तनाला बसणाऱ्याला ‘शम-दम’ ही जोडी ओळखीची असते. मराठीत हे दोन शब्द एकमेकांत असे मिसळून गेले की आता ते वेगळे काढता येत नाहीत. धावल्यावर दम लागतो, झाडाखाली बसून आपण दम खातो, भल्या माणसात दम असतो, घाई करणाऱ्याला ‘दमानं घे’ म्हणतात आणि उतावळ्याला ‘दम धर’. श्वास, ताकद, सावकाशपणा आणि वाट पाहणं हे सगळं एका अक्षरजोडीत. तालमीत संयमावर कुणी प्रवचन देत नाही. तिथं तो मानेत, दंडात आणि छातीच्या भात्यात भरतात, आणि त्याला वर्षं लागतात. का लागतात, हे नीट समजून घ्यावंसं मला वाटतं, कारण हल्ली प्रत्येक बापाच्या तोंडी ‘कधी?’ हाच प्रश्न आहे.

पहिलं कारण शरीराचंच आहे. नव्यानं जोर-बैठका करू लागलेल्या मुलाची ताकद पहिल्या दीड-दोन महिन्यांत झपाट्यानं वाढते. घरचे खूश होतात. पण या काळात स्नायू फारसा वाढलेला नसतो. आहे त्याच स्नायूतले जास्तीत जास्त तंतू एका वेळी कामाला लावायला मज्जासंस्था शिकलेली असते, इतकंच. स्नायू खरा भरतो त्यानंतर. आणि त्याच्याही मागून, रेंगाळत येते ती कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधून ठेवणारी चिवट दोरी. तिला रक्ताचा पुरवठा कमी असतो, त्यामुळे ती सावकाश बळकट होते. कुस्तीत झटका बसतो तो या दोरीलाच. इंजिन मोठं बसवलं आणि गाडीची साखळी जुनीच राहिली, तर तुटेल ती साखळी.

या दोरीबद्दल एक विलक्षण गोष्ट डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०१३ साली मांडली. १९५५ ते १९६३ या काळात जगात अणुबॉम्बच्या इतक्या चाचण्या झाल्या की हवेतल्या किरणोत्सारी कार्बनचं प्रमाण जवळपास दुप्पट झालं आणि पुढं ते हळूहळू उतरत गेलं. हा कार्बन अन्नावाटे शरीरात जातो, त्यामुळे शरीराचा एखादा भाग कोणत्या वर्षांत घडला याचा शिक्काच त्यात राहतो. संशोधकांनी वेगवेगळ्या वर्षी जन्मलेल्या माणसांच्या टाचेमागच्या कंडरेचे नमुने तपासले. स्नायू आयुष्यभर नव्यानं घडत राहतो असं दिसलं. कंडरेचा गाभा मात्र आयुष्याच्या पहिल्या साधारण सतरा वर्षांत घडतो आणि पुढं जवळजवळ तसाच राहतो. म्हणजे बाराव्या-तेराव्या वर्षी माती उकरणाऱ्या त्या पोराच्या पायातली जी दोरी आज वळली जातेय, तीच त्याला साठाव्या वर्षी जिना चढवणार आहे. वस्तादांनी हा अभ्यास वाचलेला नसतो. त्यांनी गुडघे गेलेले पैलवान पाहिलेले असतात.

त्यातच या वयात हाडांच्या टोकांशी वाढीचा भाग अजून कूर्चेचा असतो. मुलांमध्ये तो साधारण सोळा-अठराव्या वर्षापर्यंत पुरता हाड बनत नाही, तोवर पिळवटणारा मार सगळ्यात आधी तिथं बसतो. आणि मान. मातीत डोकं टेकवून, पुलासारखी कमान करून मान दोन-दोन वर्षं तयार करतात, मगच कुणाला त्या मुलावर ढाक मारायची परवानगी मिळते. ढाक हा डाव पाहायला देखणा. समोरच्याची मान आणि दंड कवेत घेऊन त्याला कमरेवरून उलटा फेकायचा. ज्यानं तो खायचा त्याची मान तयार नसेल तर देखणेपणा तिथंच संपतो.

इथं एक गोष्ट दुःखानं लिहावी लागते. काही तालमींभोवती आता सुया आणि गोळ्यांचा व्यापार घुटमळतो. वर्षाचं काम महिन्यात करून देतो म्हणणारे लोक पोरांना गाठतात. त्या औषधांनी स्नायू फुगतो, यात खोटं काही नाही. पण कंडरा त्याच्या मागं पळू शकत नाही, ती फाटते, हृदयाच्या भिंती जाड होतात, यकृत बिघडतं. शेती गहाण ठेवून मुलाचा खुराक चालवणाऱ्या बापाला हे कुणीतरी बसवून सांगायला हवं. बदाम, दूध, तूप आणि झोप यांना पर्याय नाही असं जुने लोक म्हणतात तेव्हा ते जुनाट बोलत नसतात. शरीर ज्या वेगानं बांधलं जातं, तो वेग ते सांगत असतात.

आता त्या मुलाचा दम झाला असं धरू. त्याला लढतीला घातला. समोर कोण? बऱ्याचदा त्याच्याहून वीस-पंचवीस किलोनं जड, दहा वर्षं माती खाल्लेला, फुटलेल्या कानांचा पैलवान. बाहेरून आलेल्या माणसाला हा अन्याय वाटतो. पण तिथं जे चालतं ते ज्यानं एकदा लक्ष देऊन पाहिलं, त्याला कुस्तीचा खरा अभ्यास कुठं होतो ते कळतं.

मुलगा एकेरी पटात शिरतो, म्हणजे खाली झुकून समोरच्याचा एक पाय धरायला झेपावतो. मोठ्याला हवं तर एका झटक्यात पाय मागं टाकून तो पोराच्या पाठीवर आदळू शकतो. तो तसं करत नाही. तो शिरू देतो. मुलाचं डोकं चुकीच्या बाजूला आहे, हे त्याला सांगायचं असतं, म्हणून तो त्याच बाजूनं हळूहळू वजन टाकत जातो. मुलाला आधी कळत नाही, मग मान अवघडते, मग त्याचं तोच डोकं दुसऱ्या बाजूला काढतो. पुढच्या वेळी डोकं बरोबर आहे, पण मागचा गुडघा लांब राहिलाय. मोठा आता त्या गुडघ्याच्या बाजूला सरकतो. चौथ्या-पाचव्या खेपेला पट नीट लागतो तेव्हा मोठा पैलवान खाली बसतो. मुद्दाम बसलाय हे पोराला समजू न देता बसतो, पण फुकट बसत नाही. पकड ढिली असेल तर उठून उभा राहतो. तासाभराच्या या झटापटीत एक शब्द बोलला जात नाही. सगळं शिकवणं वजनातून चालतं.

याला तालमीत लढत देणं म्हणतात. घेणं नाही, देणं. आणि हे तालमीतलं सगळ्यात अवघड काम आहे. ताकद नसताना सौम्य राहणं कुणालाही जमतं. अंगात बैलाचं बळ असताना समोरच्याला पेलेल तेवढंच मोजून काढणं, दर क्षणी ते बदलत राहणं, याला वेगळीच जाण लागते. प्रत्येक खेपेला मोठ्यानं आपटलं असतं तर मुलगा एकच गोष्ट शिकला असता, भीती. आणि घाबरलेलं शरीर खांदे वर ओढतं, श्वास कोंडतं, डोळे मिटतं. ही सवय लागली की काढायला वर्षं जातात. फायदा मोठ्याचाही होतो. ताकद बाजूला ठेवल्यावर त्याच्या हाती फक्त वेळ आणि तोल उरतो, मग त्याला डाव खरोखर यावा लागतो. नुसत्या बळावर जिंकणाऱ्या पैलवानाचे डाव वयाच्या तिशीत उघडे पडतात, कारण ते कधी डाव नव्हतेच.

हीच गोष्ट जपानमध्ये एका शिक्षकानं फार विचारपूर्वक ओळखली होती. जिगोरो कानो यांनी १८८२ साली तोक्योतल्या एका बौद्ध मंदिरात, बारा चटयांच्या जागेत कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली. जुन्या जुजुत्सूत हाड मोडणारे, मर्मावर मारणारे कितीतरी डाव होते. पण असे डाव जोडीदारावर खरेखुरे करता येत नाहीत, केले तर उद्या जोडीदारच उरणार नाही. मग ते नुसते हवेत गिरवावे लागतात. कानोंनी धोक्याचे डाव ठरावीक क्रमाच्या सरावापुरते ठेवले आणि मोकळ्या लढतीत फक्त असेच डाव येऊ दिले जे पूर्ण जोरानं, विरोध करणाऱ्या माणसावर, रोज करता येतील. आवर घातला म्हणून सराव कमी झाला नाही, उलट शंभरपट वाढला. ज्युदोच्या वर्गात नवख्याला आधी पडायला शिकवतात, आणि फेकणाऱ्याला शिकवतात की समोरचा हवेत असताना त्याची बाही सोडायची नाही, किंचित वर ओढून धरायची, म्हणजे तो अलगद उतरतो.

आपल्या कुस्तीत ठोसा नाही, लाथ नाही, सांधा मोडणं नाही. पाठ मातीला लावली की झालं. म्हणून एक पैलवान दिवसात दहा जणांशी लढू शकतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा उभा राहतो. ‘वस्ताद एक डाव राखून ठेवतो’ ही म्हण आपल्याकडे आता राजकारण्यांनी पळवली आहे, त्यामुळे तिला कपटाचा वास येतो. तालमीत मी ती वेगळ्या अर्थानं ऐकली. पोराचं अंग आणि डोकं तयार झालेलं नाही तोवर काही डाव त्याच्या हातात द्यायचे नसतात, कारण तो ते जोडीदारावर करून बघणारच. राखलेला डाव बहुतेक वेळा जोडीदाराच्या मानेसाठी राखलेला असतो.

मैदानातल्या कुस्तीकडं वळू. शाहू महाराजांच्या काळात, १९१२ साली कोल्हापुरात खासबाग मैदान उभं राहिलं. मधोमध हौदा आणि भोवती वाटीसारखी चढत गेलेली बैठक, म्हणजे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही दोन्ही मल्लांचे पाय दिसावेत. हे पाय दिसणं महत्त्वाचं. कारण सलामी झाली, मूठभर माती एकमेकांच्या अंगाला लावली, शड्डू ठोकले, की त्यानंतर कितीतरी वेळ नवख्या प्रेक्षकाला काहीच घडत नाहीसं वाटतं. दोघं डोक्याला डोकं लावून, एकमेकांच्या मनगटावर आणि मानेवर हात ठेवून फिरत राहतात. ही खडाखडी. जाणता प्रेक्षक इथंच गप्प होतो. कुणाचा श्वास तोंडानं सुरू झाला, कुणाची टाच उचलली जातेय, कोण मान ओढल्यावर मागं खेचतोय आणि कोण त्या ओढीबरोबर पुढं जातोय, हे तो वाचत असतो.

खडाखडीत दोघंही एकमेकांना हूल देतात. पटात शिरल्यासारखं करायचं आणि शिरायचं नाही. समोरचा घाबरून पाय मागं टाकतो, त्याचं वजन पुढं येतं, आणि त्याच क्षणी मान ओढून त्याला खाली घ्यायचं. हुलीला उत्तर देणं ही शरीराची सहजप्रवृत्ती आहे. उत्तर न देणं शिकावं लागतं. मेंदूच्या अभ्यासकांनी हे थांबणं मोजलं आहे. पडद्यावर खूण दिसली की बटण दाबायचं, पण मधेच शिटी वाजली तर निघालेलं बोट आवरायचं, असा प्रयोग करतात. धडधाकट तरुण माणसाला सुरू झालेली हालचाल आतल्या आत रोखायला साधारण सेकंदाचा पाचवा ते चौथा हिस्सा लागतो. थांबणं हे मेंदूचं स्वतंत्र काम आहे, त्याचा स्वतंत्र मार्ग आहे. ‘न करणं’ म्हणजे रिकामं बसणं नव्हे. हौद्याच्या काठावर चार महिने बसून लढती बघणारा मुलगा हुली कशा दिसतात तेच बघत असतो. खरा पट येताना खांदा आधी पडतो, खोट्या पटात नुसता हात येतो. हे कुणी सांगून समजत नाही, शेकडो वेळा पाहून समजतं.

पण वाट पाहणं आणि दडून बसणं यांत फरक करायला हवा, नाहीतर या साऱ्याचा चुकीचा अर्थ निघेल. १९१० च्या सप्टेंबरात लंडनमध्ये गामा पैलवान आणि पोलंडचा स्टॅनिस्लॉस झिबिस्को यांची कुस्ती झाली. सुरुवातीलाच गामानं त्याला खाली घेतलं, आणि मग झिबिस्को हातापायांवर ओणवा झाला तो उठेचना. अडीच तासांहून जास्त वेळ तो धिप्पाड गडी चटईला चिकटून राहिला. गामाला त्याची पाठ लावता आली नाही आणि कुस्ती बरोबरीत सुटली. आठवड्यानं पुन्हा लढत ठरली, त्या दिवशी झिबिस्को आलाच नाही. बाहेरून पाहिलं तर झिबिस्कोनंही दम धरलाच होता. पण त्या अडीच तासांत त्यानं कुठल्याही संधीची वाट पाहिली नाही, फक्त वेळ संपण्याची पाहिली. खडाखडीतला मल्ल स्थिर दिसतो, तरी त्याची बोटं, टाच, मान सतत काहीतरी विचारत असतात. पुढं १९२८ साली पतियाळात दोघं पुन्हा समोरासमोर आले. त्या वेळी गामा पन्नाशीला टेकला होता. कुस्ती मिनिटभरही चालली नाही. झिबिस्कोची पाठ लागली.

मातीच्या कुस्तीला घड्याळ नव्हतं. मॅटला आहे. हा बदल पचवायला किती दम लागतो हे खाशाबा जाधवांच्या आयुष्यात दिसतं. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा गडी, १९२६ चा जन्म, घरातच कुस्ती, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचा विद्यार्थी. उंची साडेपाच फुटांच्या आसपास. १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेला तेव्हा आयुष्य मातीत गेलेलं; मॅट, गुणांची पद्धत, परदेशी नियम सगळंच नवं. त्यात फ्लायवेट गटात सहावा आला. घरी परतून त्यानं चार वर्षं पुन्हा मेहनत केली, वरच्या वजनगटात गेला. १९५२ च्या हेलसिंकीसाठी पैसे नव्हते. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. पहिल्या तीन लढती खाशाबांनी जिंकल्या. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीचे मल्ल हरले. मग जपानच्या शोहाची इशीशी दीर्घ, दमवणारी लढत होऊन ते हरले. त्यानंतर पुरेशी विश्रांती न देता त्यांना सोव्हिएत मल्लासमोर उभं केलं गेलं, आणि नियमावर बोट ठेवून भांडायला भारताचा एकही अधिकारी तिथं नव्हता, असं कोल्हापूर-कराडकडं आजही कळवळून सांगतात. दम खायला वेळ मिळाला असता तर, ही हुरहूर त्या मुलखातून गेलेली नाही. तरीही कांस्यपदक आलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. सुवर्ण मिळवणारा इशी मूळचा ज्युदोचा खेळाडू होता. युद्धानंतर दोस्तांच्या अमलात जपानमध्ये ज्युदोवर बंदी आली, म्हणून तो कुस्तीकडं वळला होता. म्हणजे हेलसिंकीच्या त्या मॅटवर तालमीची माती आणि कोदोकानची चटई एकमेकांना भिडली होती, हे मला फार रोमहर्षक वाटतं.

आजच्या फ्रीस्टाइल कुस्तीत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात. मल्ल नुसता टाळाटाळ करतोय असं पंचांना वाटलं तर आधी ताकीद देतात, मग तीस सेकंदांची मुदत. त्यात गुण घेता आला नाही तर समोरच्याला एक गुण. झिबिस्कोसारख्यांना हा नियम बरोबर वेसण घालतो. पण खऱ्या वाट पाहणाऱ्याचं काय? ६ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये विनेश फोगाट जपानच्या युई सुसाकीसमोर उभी राहिली. सुसाकी ऑलिंपिक विजेती, आंतरराष्ट्रीय कुस्तीत तोवर एकदाही न हरलेली. विनेशनं तिच्या वेगात वेग मिसळला नाही. मनगटं धरून, अंतर राखून तिनं सुसाकीला पटात शिरूच दिलं नाही. निष्क्रियतेबद्दल एक गुण गेला, पुढं आणखी एक गेला. ०-२. घरी टीव्हीपुढं बसलेले आम्ही ‘अगं, काहीतरी कर’ म्हणून ओरडत होतो. तिनं ते दोन गुण जाऊ दिले, कारण चढाईची घाई केली असती तर सुसाकीनं चार नेले असते. शेवटचे काही सेकंद उरले, पुढं असलेली सुसाकी क्षणभर सैलावली आणि विनेशनं तिला खाली घेतलं. दोन गुण. जपानी बाजूनं मागितलेली फेरतपासणी फेटाळली गेली, आणखी एक गुण. ३-२. पुन्हा पुन्हा पाहावी अशी ती लढत आहे. पहिली साडेपाच मिनिटं जास्त लक्ष देऊन.

विनेश अंतिम फेरीत पोचली, पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्या लढतीआधीच्या वजनात ती आपल्या गटाच्या पन्नास किलोंहून शंभर ग्रॅम जास्त भरली आणि बाद झाली. तिची नेहमीची जागा त्रेपन्न किलोंत होती. रात्रभर ती झोपली नव्हती, घाम काढला, केस कापले. तिच्या जिद्दीला बोल लावायला माझी जीभ धजत नाही. पण वजन उतरवण्याची ही पद्धत सगळ्या जगातल्या कुस्तीला लागलेली जुनी खोड आहे आणि तिची किंमत जीवानं मोजली गेली आहे. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत महिन्याभरात तीन कॉलेज मल्ल असेच मेले. तापलेल्या खोलीत, घाम कोंडणारे कपडे घालून, पाणी न पिता व्यायाम करत. त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीनं तसले कपडे आणि वाफेच्या खोल्या बंद केल्या आणि वजन लढतीच्या तोंडावर घ्यायला सुरुवात केली. आपल्या जिल्हा पातळीच्या स्पर्धांत आजही चौदा-पंधरा वर्षांची मुलं आदल्या दिवशी थुंकत, पळत, उपाशी राहत दोन किलो उतरवतात. वाढत्या वयाच्या मुलाला वरच्या गटात जाऊ द्या, एक वर्ष हरू द्या. मला यात तडजोडीला जागा दिसत नाही.

हरण्याचाही सराव असतो. २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या लढतींत पंचांच्या निर्णयावरून वाद पेटला, एका मल्लानं पंचाला लाथ मारली आणि दोन मल्लांवर तीन-तीन वर्षांची बंदी आली. निर्णय बरोबर होता की चूक यावर गावोगावच्या पारांवर अजून भांडणं होतात. मला मात्र त्या मल्लांची मागची पंधरा वर्षं दिसत राहतात. पहाटे साडेचारचा दिवा, फावडं, हजारो जोर, कुणीतरी मोजून दिलेल्या लढती. एवढं सगळं भरलेलं शरीर, आणि एका क्षणात तो आवर सुटला. पंचांच्या चुकीला दाद मागायची चोख व्यवस्था हवी, हे खरंच. पण ती नसतानाही ज्यांनी मान खाली घालून हौद्याची माती कपाळाला लावली आणि बाहेर आले, असे पैलवान मी पाहिले आहेत. त्यांना ते सोपं गेलं नव्हतं. हात थरथरत होते.

त्या तालमीत मी वर्षभरानं पुन्हा गेलो. मुलगा आता लढतीला होता. त्याहून लहान असा एक नवा पोर मातीत उतरला होता, आणि आमचा गडी त्याला पट शिकवत होता. नवा उतावळा होता, डोकं खाली घालून मुसंडी मारत होता. आमच्या गड्याचा हात त्याच्या मानेवर पडला, क्षणभर दाब वाढलेला दिसला. काठावरून वस्ताद काहीच बोलले नाहीत. हात पुन्हा हलका झाला, आणि त्यानं पोराचं डोकं धरून सावकाश बरोबर बाजूला आणलं.